अंगावर पिणारं बाळ आणि विमानप्रवास: सांगलीहून दिल्लीला निघालेल्या आईला उत्तर

प्रश्न: माझं माहेर सांगली, बाळंतपण इथेच झालं. बाळ आता सव्वातीन महिन्यांचं आहे आणि फक्त अंगावरचं दूध पितं. संक्रांतीनंतर बाळाला घेऊन मला एकटीला पुण्याहून विमानानं दिल्लीला जायचं आहे, कारण ह्यांना सुट्टी नाही. आईला बाळाच्या कानांची काळजी वाटते. सासूबाई फोनवर म्हणतात, आत्तापासून बाटलीची सवय लाव, चारचौघांत विमानात कुठं पाजत बसणार? शेजारच्या काकू म्हणतात, निघताना थोडं झोपेचं औषध दे म्हणजे बाळ गप पडून राहील. मी काय करू?

उत्तर: जा. बाळ पूर्ण दिवसांचं आहे, वजन नीट वाढतंय, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास नाही, असं असेल तर विमानाला हरकत नाही. बाटली सुरू करू नका आणि झोपेचं औषध अजिबात देऊ नका. तुमचं बाळ अंगावर पितं ही या प्रवासातली तुमची सगळ्यात मोठी सोय आहे, आणि नेमकी तीच मोडायचा सल्ला तुम्हाला दोन बाजूंनी मिळतोय.

सांगलीत लहान मुलांची डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं काम करते. पहिलं बाळंतपण माहेरी, मग बारसं, मग तीन-चार महिन्यांनी सासरी किंवा नोकरीच्या गावी परत, ही आपल्याकडची रीत. पूर्वी हे गाव पुणे-मुंबई असायचं, आता बेंगळुरू, दिल्ली, दुबई असतं. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते खरी, पण सव्वा-दीड दिवस एकटीनं तान्हं बाळ सांभाळत बसण्यापेक्षा दोन-सव्वादोन तासांचं विमान केव्हाही बरं.

आता तुमच्या आईच्या काळजीकडे येते, कारण ती रास्त आहे. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी नाकामागे घशात उघडते. विमान वर चढतं तेव्हा केबिनमधला हवेचा दाब कमी होत जातो आणि पोकळीतली हवा त्या नळीतून आपोआप बाहेर निसटते. त्यामुळे चढताना बहुतेक बाळांना फारसं काही होत नाही. उतरताना उलटं होतं. बाहेरचा दाब वाढतो, आत हवा शिरायला हवी, पण नळीचं तोंड मिटलेलं असतं. ते उघडतं गिळताना आणि जांभई देताना. आपण मोठी माणसं मुद्दाम आवंढा गिळतो. बाळाला ते कळत नाही. पडदा आत ओढला जातो, दुखतं, आणि बाळ किंचाळतं. खरं तर रडण्यानंही नळी थोडीफार उघडते, म्हणजे रडणारं बाळ आपल्या परीनं उपायच करत असतं. पण गिळण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि तान्ह्या बाळाला गिळायला लावायची हुकमी युक्ती तुमच्याजवळ आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक आया इथेच चुकतात. विमानाचं दार बंद झालं की त्या बाळाला पाजायला घेतात. मग विमान धावपट्टीकडे जायला वेळ लावतं, पुढे दोन-तीन विमानं उभी असतात, आणि प्रत्यक्ष उडेपर्यंत बाळ पोट भरून झोपलेलं असतं. उतरताना गरज पडते तेव्हा ते तोंड फिरवतं. चढण्याची फार चिंता करू नका. बाळ मागत असेल तर पाजा, झोपलं असेल तर झोपू द्या. तुमचा राखीव पत्ता उतरण्यासाठी ठेवा. उतरणं सुरू होतं ते जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी. इंजिनाचा आवाज मंदावतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकतं, तुमच्या स्वतःच्या कानात दडे बसायला लागतात. तीच वेळ. ‘आता आपण उतरत आहोत, पट्टे बांधा’ ही घोषणा कधी कधी बऱ्याच उशिरा होते, तिच्यावर विसंबू नका. तिकिटावरच्या पोचायच्या वेळेच्या पाऊण तास आधीपासून घड्याळावर नजर ठेवा.

आणि पोट भरलेलं असलं तरी? म्हणूनच मी अंगावरच्या दुधाला सोय म्हणते. बाटलीतून दूध येतच राहतं, भरलेल्या पोटी बाळ बाटली ढकलून देतं. छातीवर मात्र बाळ नुसतं चोखत राहू शकतं. दूध थेंब-थेंब येतं, बाळ मधूनमधून गिळतं, आणि कानाला तेवढंच पुरतं. जिथून नुकतंच पाजलं असेल, जी बाजू रिकामी वाटते, तीच उतरताना द्या. पोटाला ताण न होता पंचवीस मिनिटं आरामात निघतात.

बाळ गाढ झोपलं असेल तर उठवायचं का, यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. माझं मत असं: नाक मोकळं असेल तर उठवू नका. सर्दी असेल तर मात्र हळूच छातीशी घ्या. बहुतेक बाळं डोळे न उघडताच प्यायला लागतात.

सर्दीचा मुद्दा तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, कारण संक्रांत. घरात बोरन्हाण होणारच. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, ऊस, चुरमुरे, गल्लीतली सगळी पोरं आणि बाळाच्या गालाचा पापा घेणाऱ्या सगळ्या मावश्या. जरूर करा, असं पहिलं बोरन्हाण परत येत नाही. पण ते आणि प्रवास यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. जानेवारीत निम्मं गाव नाक ओढत असतं. गर्दीतून आलेली सर्दी दोन-तीन दिवसांत दिसते आणि आठवडाभर राहते. रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, पण तुम्हाला निघायचं आहे, तेव्हा संक्रांतीलाच उरकून घ्या आणि तिकीट महिन्याच्या शेवटी काढा. सर्दी असलेल्यांनी लांबूनच बघायचं, हे आईकडून वदवा. मुलीपेक्षा आजीचं जास्त ऐकतात.

तरीही सर्दी झालीच तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब निघण्याआधी आणि उतरायच्या अर्धा तास आधी घाला. नाकात थेंब, मग पाजणं, हा क्रम. कान दुखत असेल, ताप असेल, बाळ पिताना मध्येच सोडून रडत असेल, तर निघायच्या आधी कान तपासून घ्या. आत सूज आणि पू साचलेला असेल तर तिकीट पुढं ढकलायला मी सांगेन. कानात कोमट तेल घालू नका, पडद्यामागच्या दाबाला ते पोचतच नाही. कापसाचा बोळा आवाज थोडा कमी करतो, दाबावर त्याचा काही परिणाम नाही. कानटोपीचंही तेच, मात्र थंडीसाठी घाला.

आता काकूंचं झोपेचं औषध. त्या ज्या सिरपबद्दल बोलतात ते बहुधा सर्दी-ॲलर्जीचं असतं, ज्याची गुंगी येते. दोन वर्षांखालच्या मुलांत अशा गुंगीच्या औषधांनी श्वास मंदावू शकतो. विमानात हवा आधीच विरळ असते, तिथे हा धोका कशाला? काही बाळांना या औषधांनी झोप येण्याऐवजी उलट चळवळ सुटते, मग दोन तास रडारड. सर्दीच्या औषधांतल्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीबद्दल आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरमध्येच स्पष्ट सांगितलं, की चार वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नये. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत असं कळवलं. तरी दुकानात मागितलं की मिळतं, हा आपल्याकडचा रोग वेगळाच.

कोणी जायफळ सुचवेल. सहाणेवर उगाळून, गुटीबरोबर, कधी मधातून. जायफळानं झोप येते ती त्यातल्या गुंगी आणणाऱ्या द्रव्यामुळे, आणि उगाळताना दोन वेढे की पाच यावर मात्रा दुप्पट-तिप्पट होते. तीन महिन्यांच्या बाळावर हा अंदाजपंचे प्रयोग नको. मध तर एक वर्षाच्या आत कुठल्याच निमित्तानं नको, त्यातून बोट्युलिझम नावाचा लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. टाळू भरा, अंग चोळा, शेक-शेगडी हवी तर करा (धूर नको), बाळ त्यानंही छान झोपतं.

तापाचं औषध मात्र जवळ असू द्या, आणि त्याच्या बाटलीवर नीट लक्ष द्या. पॅरासिटामॉलचे थेंब येतात त्यांत साधारणपणे १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. पातळ सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीला जेमतेम २५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्यानं पाजली तर मात्रा चौपट होते. निघण्यापूर्वी बाळाचं वजन करून किती मिली ते तुमच्या डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर पेनानं लिहून घ्या. दिल्लीत रात्री दोनला गडबडीत चिठ्ठी शोधावी लागू नये.

यालाच जोडून साडेतीन महिन्यांचा डोस. तुमच्या बाळाचा तो नेमका प्रवासाच्या आसपास येतोय. या डोसाला पेंटाव्हॅलंट लशीनं एखादा दिवस ताप आणि चिडचिड होते, मांडी दुखते. आदल्या दिवशी डोस आणि दुसऱ्या दिवशी विमान असं करू नका. निघायच्या तीन-चार दिवस आधी घ्या. ते बसत नसेल तर पोचल्यावर लगेच घ्या, तीन-चार दिवसांच्या उशिरानं काही बिघडत नाही. लसीकरणाचं कार्ड हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण ते तिथं दोन कामं करतं.

दुसरं काम वयाच्या पुराव्याचं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून जातं, पण त्याचंही तिकीट काढावं लागतं आणि वयाचा कागद मागतात. जन्मदाखला सगळ्यात चांगला. तो अजून हातात नसेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड देशातल्या प्रवासाला बहुतेक कंपन्यांना चालतं, तरी तुमच्या कंपनीचा नियम वाचून घ्या. तिकीट काढतानाच बाळाचं नाव घाला. बाळ आहे म्हटल्यावर बऱ्याचदा मोबाइलवरच्या पासवर काम भागत नाही, काउंटरवर जावं लागतं, त्याचा वेळ धरा. दुबई-सिंगापूरवाल्यांनी हे वाचत असाल तर, बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि तो लवकर काढायला टाका.

सासूबाईंच्या बाटलीबद्दल. त्यांच्या मनात काय आहे ते मला समजतं. त्यांच्या काळी सून चारचौघांत पाजायला बसली तर बोलणी खायची. पण आठ दिवसांसाठी वरच्या दुधाची सवय लावली की काय होतं, ते मी ओपीडीत बघते. बाटलीतून दूध आपोआप येतं, छातीवर मेहनत करावी लागते. काही बाळं आळसावतात, छातीवर नीट पकड घेत नाहीत, आई पाजणं कमी करते, म्हणून दूध कमी होतं, म्हणून पुन्हा बाटली. दिल्लीला पोचल्यावर बाळाचं पोट बिघडलेलं आणि तुमच्या छातीत दूध साकळून गाठी झालेल्या, असा दुहेरी ताप. शिवाय बाटली म्हटलं की उकळलेलं पाणी, पावडर, बाटल्या धुणं, सगळा संसार पाठीवर. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस विमानातही तशीच लागू आहे. केबिनची हवा कोरडी असते म्हणून बाळाला वेगळं पाणी पाजायची गरज नाही. एखाद वेळ जास्त पाजा आणि पाणी तुम्ही प्या.

ज्यांचं बाळ आधीपासूनच वरच्या दुधावर आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांनी मोजून ठेवलेली पावडर आणि नुकतंच उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये न्यावं, ऐन वेळी कालवावं. विमानातल्या नळाचं पाणी त्यासाठी वापरू नये. काढून ठेवलेलं आईचं दूध नेत असाल तर साध्या हवेत ते चार तासांपर्यंत, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड डब्यात चोवीस तासांपर्यंत टिकतं. परदेशी जाणाऱ्या विमानांना द्रवपदार्थाची १०० मिलीची मर्यादा असते, त्यातून बाळाच्या दुधाला आणि औषधाला प्रवासापुरती सूट मिळते. फक्त तपासणीला पिशवीतून वेगळं काढून ‘बाळाचं आहे’ असं आपणहून सांगावं. क्ष-किरणांच्या यंत्रातून गेल्यानं दूध खराब होत नाही. बाटल्या गच्च भरू नका, वर गेल्यावर हवा फुगून दूध बाहेर येतं. हे ऐकून एकीनं मला विचारलं होतं, मग छातीतलं दूधही फुगेल का? नाही. तिथं हवा नसते.

हवा फुगायचा अर्थ मात्र पोटाला लागू होतो. उंचीवर पोटातला वारा साधारण चौथाईनं वाढतो. प्रत्येक पाजण्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, घाई करू नका. विमानात बाळ कळवळतं ते दर वेळी कानामुळेच असतं असं नाही, कित्येकदा पोटात वारा धरलेला असतो. गुडघे पोटाशी घेऊन रडत असेल तर आधी ढेकर.

पाजायचं कसं, तेही सांगते. खिडकीची जागा घ्या. लोक येण्या-जाण्याच्या वाटेकडची सुचवतात, उठायला सोपी म्हणून. पण तिथं ढकलगाडी कोपराला लागते, बाळाचे पाय बाहेर येतात आणि डोक्यावरून कोणाचा तरी गरम चहा जातो. खिडकीकडे भिंतीचा आडोसा मिळतो. बाळ मांडीवर असताना स्वतः चहा घेऊ नका, शेजारच्यालाही तुमच्यावरून घेऊ देऊ नका. पुढून उघडणारा सैल कुर्ता आणि त्यावर मोठी सुती ओढणी हे सगळ्यात सुटसुटीत. साडी नेसायची सवय असेल तर पदरासारखा आडोसा नाही, फक्त पट्टा बांधताना निऱ्या सांभाळा. घरी आठ दिवस ओढणीखाली पाजून बघा. तीन-साडेतीन महिन्यांची बाळं आवाजाकडे, उजेडाकडे वळून बघायला लागतात आणि दर मिनिटाला छाती सोडतात. ओढणीनं तुमची लाज राखली जाते हे खरं, पण त्याहून जास्त बाळाचं लक्ष जागेवर राहतं. काही बाळं ओढणी भिरकावतात, तीही सवय आधी कळलेली बरी.

आणि कोणी बघितलंच तर बघू दे. सर्वोच्च न्यायालयानं २०२५च्या फेब्रुवारीत सार्वजनिक ठिकाणी आईला पाजायची सोय असावी म्हणून राज्यांना बजावलं आहे. मोठ्या विमानतळांवर बाळासाठी वेगळी खोली असते. सुरक्षा तपासणी झाली की तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, निघण्याआधीचं पाजणं आणि लंगोट बदलणं तिथंच उरकतं. शेजारी कोणी अवघडलेला पुरुष आला तर त्यालाच सांगा, ‘मला बाळाला पाजायचंय, जागा बदलून मिळते का बघता?’ तो तुमच्यापेक्षा आधी उठेल.

दूध उतरत नाही, असा अनुभव गडबडीत येतो आणि बाई घाबरते. ‘ताणानं दूध आटलं’ असं आपल्याकडे म्हणतात. दूध आटलेलं नसतं. भीतीनं, घाईनं पान्हा फुटायला उशीर होतो, कारण पान्हा आणणारं संप्रेरक घाबरलेल्या शरीरात दबतं. दूध आतच असतं. खांदे सैल सोडा, चार लांब श्वास घ्या, बाळाची टोपी काढून त्याचं डोकं हनुवटीखाली घ्या, बोटांनी छातीवरून हलकं चोळा. दोन-चार मिनिटांत सुरू होतं. त्या दोन-चार मिनिटांत बाळ रडलं तर रडू दे, कोणाचं विमान त्यानं पडत नाही.

उडताना आणि उतरताना बाळासाठी एक छोटा जोडपट्टा देतात, तो तुमच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला लावतात. तुमचाच पट्टा बाळाभोवती घेऊ नका, धक्का बसला तर तुमचं सगळं वजन बाळावर येतं. कापडी झोळीत बाळ बांधून आलात तर या दोन वेळी बाहेर काढायला सांगतील. पट्टा लावूनही पाजता येतं, बाळाला आडवं घेऊन, त्याचं डोकं वाटेकडे नव्हे तर खिडकीकडे ठेवून. कधी कर्मचारी तुम्हाला जागा बदलायला लावतील, कारण त्याच रांगेत दुसरं तान्हं बाळ असेल. रागावू नका. एका बाजूच्या तीन खुर्च्यांवर सहसा एकच जादा ऑक्सिजनचा मुखवटा असतो. आणि तो मुखवटा कधी खाली आलाच, तर आधी तुम्ही लावायचा, मग बाळाला. आईच्या मनाला हे पटत नाही, पण तितक्या उंचीवर शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही, आणि शुद्धीत नसलेली आई बाळाला काही लावू शकत नाही.

हवेचं म्हणाल तर केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आतबाहेर. निरोगी बाळाला ही उंची चालते. ज्यांनी थांबायचं ते वेगळे: पहिल्या आठवड्यातलं बाळ, कमी दिवसांचं आणि ऑक्सिजनवर राहून आलेलं बाळ, निळसर पडणारं हृदयरोगी बाळ, नुकताच न्यूमोनिया झालेलं बाळ. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

एवढं विमानाबद्दल. पण खरं सांगायचं तर मला तुमच्या सांगली ते पुणे या टप्प्याची जास्त चिंता आहे. सांगलीजवळ कवलापूरचं विमानतळ होईल तेव्हा होईल. तोवर आपल्याला कोल्हापूर तरी गाठायचं किंवा पुणे. कोल्हापूरचं उजळाईवाडी तासाभरावर आहे, पण तिथून दिल्लीला जायचं तर बहुधा मध्ये विमान बदलावं लागतं. म्हणजे दोनदा चढणं, दोनदा उतरणं, मध्ये अनोळखी विमानतळावर एकटीनं बाळ आणि पिशवी घेऊन धावपळ. पुण्याचं थेट विमान मला पटतं, पण आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका आणि मग महामार्ग, असे साधारण २३५ किलोमीटर आहेत. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, टोलनाक्यावर टोलनाका, खंबाटकीला ट्रकांची रांग. चार-पाच तास तर सहज.

या प्रवासात बाळ मांडीवर पिताना गाडी चालू ठेवू नका. ‘थांबायला वेळ नाही, चालत्या गाडीतच पाज’ असं घरचेच म्हणतात. अचानक ब्रेक लागला तर ते बाळ हातात राहत नाही. दर दोन तासांनी थांबा, पाजा, ढेकर काढा, दहा मिनिटं पाय मोकळे करा, मग पुढे. बाळाची गाडीतली खुर्ची असेल तर मागच्या सीटवर, तोंड मागे करून. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे पायात रक्त गोठायचा धोका पहिल्यासारखा नाही. तरी सिझेरियन असेल तर गाडीत आणि विमानातही घोटे फिरवत राहा.

माझा सल्ला: आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करा. सांगलीकराचा पुण्यात आत्या, मावशी, चुलतभाऊ कोणी ना कोणी असतोच. रात्रभर बाळ नीट झोपेल, तुम्हीही झोपाल, आणि लोहगावच्या विमानतळावर जायला गर्दी धरून तास-दीड तास पुरे. जानेवारीत दिल्लीला पहाटे आणि रात्री धुकं असतं, विमानं तासन्‌तास लटकतात, कधी जयपूरकडे वळवतात. म्हणून दुपारचं विमान घ्या. तरी उशीर झालाच, तर पुन्हा तेच, तुमच्या बाळाचं जेवण तुमच्याबरोबर आहे. बाटलीवाल्या आईची पावडर संपते, तुमची संपत नाही. तुम्ही मात्र उपाशी राहू नका. डिंकाचे किंवा अळिवाचे दोन-चार लाडू, दशम्या, आणि तपासणीनंतर भरून घेतलेली पाण्याची बाटली. लंगोट लागतात त्याच्या दुप्पट घ्या. बाळाचे दोन जोड, आणि स्वतःसाठीही एक कुर्ता हातातल्या पिशवीत. सगळ्या बायका बाळाचे कपडे घेतात आणि स्वतः दुधानं ओल्या होऊन उतरतात. दिल्लीत थंडी बोचरी असेल, पण स्वेटर, कुंची विमान उतरल्यावर चढवा. आत तेवढं गुंडाळलं की बाळ घामेजून रडतं.

बाळाच्या तोंडाला संसर्ग टाळायचा कापडी किंवा कागदी मास्क लावायचा नाही, दोन वर्षांच्या आत कधीच नाही (ऑक्सिजनचा मुखवटा वेगळा). शेजारी कोणी खोकत असेल तर तुम्ही लावा. तुम्हाला स्वतःला सर्दी असली तरी मास्क लावून पाजत राहा. त्या सर्दीविरुद्ध तुमच्या अंगात तयार होणारं संरक्षण दुधातूनच बाळाला मिळतं.

पोचल्यावर एक-दोन दिवस बाळ रात्री जास्त वेळा प्यायला मागेल, दिवसा चिकटून राहील. जागा नवी, वास नवे, आजीचा हात नाही. दूध कमी पडतंय असा अर्थ काढून तिथं बाटली आणू नका. दिवसाला सहा-सात वेळा लघवी होतेय ना, एवढं बघा. उतरल्यानंतर दोन-तीन तासांतही रडणं थांबलं नाही, पिताना दर वेळी कळवळून सोडलं, ताप आला किंवा कानातून पाणी आलं, तर त्याच दिवशी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना कान दाखवा, मला फोन करून औषध विचारू नका. कान बघितल्याशिवाय मी ते सांगणार नाही.